मॅनेजमेंटचा वकील नेमकं करतो काय?

ओळख करून देताना सांगितलं गेलं की मी मालकांच्या बाजूने लढतो. कारखान्याच्या गेटवर आम्हाला 'मॅनेजमेंटचा वकील' म्हणतात, आणि त्यात कौतुक नसतं. पण कोर्टात लढणं हा या कामाचा लहानसा भाग आहे.

आधी एक गंमत सांगतो. मी ज्या कायद्यावर वाढलो तो १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा. त्याच्या कलम ३६ प्रमाणे समेट अधिकाऱ्यापुढे वकिलाने यायचंच नाही. कामगार न्यायालयात यायचं तर समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी, दोन्ही हवी. म्हणजे मला उभं राहायला युनियनने हो म्हणायला हवं! मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी म्हणून जाण्याची वाट १९७६ च्या पारादीप पोर्ट ट्रस्टच्या निकालाने मान्य केली, तरी युनियनवाल्यांशी भांडखोरपणा करून या धंद्यात टिकता येत नव्हतं.

खरं काम होतं ते कारखान्यातच, अंतर्गत चौकशीच्या खोलीत. कामगाराला आरोपपत्र द्यायचं, त्याचा खुलासा घ्यायचा, साक्षीदार त्याच्यासमोर तपासायचे, त्याला उलटतपासणी करू द्यायची. कंटाळवाणं वाटतं ना? सगळा खटला तिथे ठरतो. शिवाय १९७१ साली कलम ११-अ आलं आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त आहे का, हेही न्यायालय बघू लागलं. गैरवर्तन सिद्ध झालं तरी बडतर्फी टिकेलच असं नाही.

मी ज्युनिअर असताना एका छोट्या इंजिनिअरिंग कारखान्याचे मालक आले. पंधरा वर्षं जुना कामगार सुपरवायझरला शिव्या देऊन गेला होता. "वकीलसाहेब, आठ दिवसांत बाहेर काढायचाय." आरोपपत्र मीच लिहिलं. ज्या मॅनेजरने तक्रार केली, त्यालाच चौकशी अधिकारी नेमलं. मला ते खटकलं होतं, पण मी बोललो नाही. फी देणाऱ्याला नाही म्हणायचं कसं, हा विचार. न्यायालयाने ती चौकशी रद्द ठरवली. पुरावा नव्याने द्यायची संधी आम्हाला मिळाली, पण तोवर साक्षीदार नोकरी सोडून गेले होते. पुन्हा कामावर घेण्याचा आदेश झाला तेव्हा त्या माणसाच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. मालकाला मागचा पगार भरावा लागला. त्या माणसाची मधली वर्षं मात्र कोणी भरून दिली नाहीत, आणि त्यात माझाही हात होता.

कामगार कपातीतही तेच. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, हे काढतानाच हातात द्यायचं. "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलं की कपात बेकायदा. संसदेने २०२० साली औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली, पण हिशेबाचा हा गाभा तिच्यातही आहे.

आता मालकाचा फोन आला की मी पहिल्यांदा विचारतो, चौकशी अधिकारी कोण नेमताय? बऱ्याचदा पलीकडे थोडा वेळ शांतता असते.