भरतीचा सराव : मुलामुलींना एकच वेळापत्रक का चालत नाही?

पोलीस भरतीची जाहिरात निघो अथवा न निघो, बुलढाणा जिल्ह्यातली मैदाने पहाटे पाचला भरलेली असतात. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, कुठेही जा. ज्या गावाला मैदान नाही, तिथली लेकरे डांबरी रस्त्यावर धावतात. रात्री विहाराच्या अभ्यासिकेत पुस्तक आणि पहाटे पायात बूट, असा आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुलामुलींचा दिनक्रम आहे. हिमोग्लोबिन तपासायला आम्ही या मैदानांवर जातो. तिथे बहुतेक ठिकाणी शिट्टी एकच वाजते आणि मुलगे-मुली एकाच वेळापत्रकावर धावतात.

शासनाने चाचणी वेगळी ठेवली आहे. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. सराव मात्र सरसकट! एका मैदानावर एक मुलगी चौथ्या फेरीनंतर खाली बसली. "ताई, डोयासमोर अंधारी येते," म्हणाली. शिकवणारे म्हणाले, "हिच्यात दम नाही." आम्ही बोटातून रक्त घेतले. हिमोग्लोबिन आठच्या आत होते.

मैदानावर ज्याला 'इंटरव्हल' म्हणतात, तो प्रकार असा : थोडा वेळ जीव तोडून धावायचे, मग चालत किंवा हळू पळत दम घ्यायचा, पुन्हा धावायचे. कमी वेळात दमसास वाढवायला हा चांगला सराव आहे, आणि तो बाईला व पुरुषाला दोघांनाही लागू पडतो. शरीर त्याला उत्तर कसे देते, यात मात्र फरक आहे.

बाईचे हृदय सरासरीने लहान असते, एका ठोक्याला ते कमी रक्त ढकलते. रक्तात हिमोग्लोबिनही कमी असते. म्हणून तर रक्तक्षयाची रेषा गरोदर नसलेल्या बाईसाठी 12 आणि पुरुषासाठी 13 धरतात. स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो, त्यामुळे वरचा वेग कमी. आता मुलांच्या बरोबरीने मुलीला त्याच वेगाने पळवले तर काय होईल? मुलाच्या ताकदीचा ऐंशी टक्के वेग तिच्यासाठी शंभर टक्के ठरू शकतो. तो व्यायाम करत असतो, ती परीक्षा देत असते. रोज.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग शिकवणाऱ्यांना सहसा माहीत नसतो. प्रत्येकाने आपापल्या ताकदीच्या प्रमाणात जोर लावला, तर एकामागून एक फेऱ्यांमध्ये मुलींचा वेग कमी घसरतो. मुलगे पहिली फेरी सुसाट मारतात, स्नायूंत आम्ल जास्त साचते आणि चौथ्या-पाचव्या फेरीला पाय जड होतात. बाईच्या स्नायूंत हळू थकणाऱ्या तंतूंचे प्रमाण जास्त असते, तिचा दम लवकर भरून येतो. 2014 सालच्या एका अभ्यासात स्त्री-पुरुषांना सारखीच विश्रांती देऊन वेग ज्याचा त्याला ठरवू दिला. स्त्रियांनी आपल्या कमाल क्षमतेच्या अधिक जवळ जाऊन काम केले. तेव्हा 'मुली अंग राखतात' हे मैदानावरचे बोलणे निराधार आहे.

मोबाईलवरच्या 'टॅबाटा'चेही सांगायला हवे, कारण आता गावोगाव मुली घरातच तो करतात. वीस सेकंद जोर, दहा सेकंद थांबा. हे नाव ज्या जपानी संशोधकावरून पडले, त्यांचा 1996 चा गाजलेला प्रयोग तरुण पुरुषांवर होता. व्यायामावरचे बरेचसे संशोधन असेच पुरुषांवर झाले. बायकांना त्यातून फायदा होत नाही असे नाही. दमसास दोघांचाही वाढतो. पण अगदी थोड्या वेळाच्या जोरदार व्यायामाने रक्तातली साखर जेवढी पुरुषांची सुधारली, तेवढी बायकांची सुधारली नाही, असे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून मधुमेह असलेल्या माउलीने नवऱ्याचे पाहून चार मिनिटांवर भागवू नये. तिने रोज अर्धा तास भरभर चालावे.

आता रक्ताचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, 2019-21 नुसार देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, पुरुषांत 25 टक्के. शरीराचा फरक निसर्गाचा असेल, पण एवढी मोठी दरी निसर्गाची एकट्याची नाही. पाळीत रक्त जाते हे खरे. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाते तीही मुलगीच. पहाटे धावून आलेल्या भावाला अंडे आणि बहिणीला चहा-पोळी, हे आम्ही आपल्याच घरांत पाहिले आहे.

म्हणून सराव सुरू करण्याआधी मुलीचे हिमोग्लोबिन तपासा. सरकारी दवाखान्यात ते मोफत होते. कमी निघाले तर जोराच्या फेऱ्या थांबवा, डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्या. गोळीवर चहा नको, लिंबूपाणी चालेल. तोवर चालणे, हलके पळणे. रक्त ठीक असेल तर मुलींच्या फेऱ्यांचा वेग त्यांच्याच 800 मीटरच्या वेळेवरून ठरवा, मुलांच्या मागे पळवू नका. दम भरला की त्यांना पुढच्या फेरीला सोडा, मुलांसाठी ताटकळत ठेवू नका. मुलांना मात्र पूर्ण विश्रांती द्या आणि पहिल्या फेरीला आवरा. जोराचा सराव आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा.

सरावात तीन महिने पाळी आली नाही तर 'बरे झाले, कटकट गेली' म्हणू नका. गरोदरपण नसेल, तर शरीराला खर्चाएवढे अन्न मिळत नाही, असा त्याचा अर्थ बहुधा असतो. मग हाडे ठिसूळ होतात, नडगी दुखायला लागते आणि भरतीच्या तोंडावर हाडाला तडा जातो. मुली हे पुरुष शिक्षकाला सांगत नाहीत. प्रत्येक मैदानावर विचारणारी एक बाई हवी : आशाताई, अंगणवाडी ताई, कुणाची आई, कुणीही.

ती खाली बसलेली मुलगी चार महिने गोळ्या आणि जेवण नीट घेऊन परत आली. तिच्या आईने घरातला ताटाचा क्रम बदलला होता. आता मुलीचे ताट भावाच्या ताटाबरोबर वाढले जाते.