नागवेलीचा शत्रू : एका जलबुरशीची ओळख

काशीला गेलेला मराठी यात्रेकरू ब्रह्माघाटावर उतरो की दुर्गाघाटावर, विश्वेश्वराचे दर्शन आटोपल्यावर त्याची पावले बहुधा पानाच्या दुकानाकडे वळतातच. बनारसी विड्याची कीर्ती एवढी की 2023 साली त्याला भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु ह्या विड्याचे पान काशीत फारसे पिकत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. गया, नवादा, नालंदा ह्या मगधातल्या जिल्ह्यांतून, महोब्याहून, ओडिशातून ते करंड्या भरभरून येथल्या पानदरिब्यात येते आणि दोनशे पानांची एक ढोली ह्या हिशेबाने विकले जाते. मग बनारसचे व्यापारी बंद खोलीत कोळशाच्या मंद आचेवर ते पिकवितात, तेव्हा कुठे हिरवे पान फिकट, पांढुरके आणि जिभेवर विरघळण्याइतके मृदू होते.

पावसाळ्याच्या दिवसांत कधीकधी करंडी उघडावी तो पानांवर पाणथळ, तपकिरी-काळे डाग दिसतात. डागात एकाआड एक फिकट व गडद अशी वलये असतात. डाग पसरत जातो आणि पान सडते. व्यापाऱ्याचे नुकसान एवढ्यावर भागते. खरा घात झालेला असतो तो मळ्यात. तेथे वेल जमिनीलगत काळी पडते, पाने पिवळी होऊन लोंबू लागतात आणि काही दिवसांत उभी वेल वाळून जाते. आपल्याकडचे शेतकरी ह्याला 'मर' म्हणतात. नागवेल बियांपासून लावीत नाहीत, कांड्यांपासून लावतात. त्यामुळे रोगी वेलीची कांडी नव्या मळ्यात गेली की तिच्याबरोबर रोगही जातो. शिवाय उत्तरेकडचा पानमळा, ज्याला तिकडे बरेजा म्हणतात, तो वरून व चारी बाजूंनी गवताने शाकारलेला, आत सदैव ओलावा आणि सावली असलेला असतो. नागवेलीला जे मानवते तेच तिच्या शत्रूलाही मानवते, ही ह्या धंद्यातली मोठीच अडचण.

हा शत्रू कोण? सामान्यतः त्याला बुरशी म्हणतात. पण बुरशीसारखे तंतू असूनही हा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत मुख्यतः कायटिन असते, तर ह्याच्या भित्तीत सेल्युलोज व त्यासारखी द्रव्ये असतात. ह्याच्या तंतूंत बहुधा आडपडदे नसतात. पाणी मिळताच त्याच्या बीजुककोशातून दोन कशाभिका असलेली चलबीजुके बाहेर पडतात, पोहत पोहत मुळांकडे जातात आणि तेथे चिकटून अंकुरतात. समुद्रातील पिंगल शैवले व डायाटम हे त्याचे जवळचे नातलग. म्हणून ह्या गटाला जलबुरशी म्हणतात. 1845 नंतर आयर्लंडमधील बटाटा नासवून सुमारे 10 लक्ष माणसांच्या मृत्यूला कारण झालेला जीव ह्याच गटातला. त्यावरून अँटन डी बारी ह्या जर्मन शास्त्रज्ञाने 1876 साली 'फायटॉप्थोरा', म्हणजे वनस्पतिनाशक, अशी प्रजाती स्थापिली.

कुळाचा हा भेद केवळ पंडितांच्या उपयोगाचा आहे असे कोणी समजू नये. बुरशीवरील पुष्कळशी आधुनिक औषधे एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य तयार होऊ देत नाहीत आणि बुरशी त्यामुळे मरते. फायटॉप्थोरा हे द्रव्य मुळी तयारच करीत नाही. मग औषध अडवणार काय? कार्बेन्डाझिम हे शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचे औषध, परंतु त्याचाही जलबुरशीवर प्रभाव पडत नाही. ज्या मळेवाल्याने 'बुरशी आहे' एवढ्याच निदानावर फवारणी केली, त्याचे पैसे गेले आणि वेलही गेली. उलटपक्षी 1885 साली मिलार्देने प्रसिद्ध केलेले मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण मूळचे द्राक्षाच्या केवड्यावरचे. तो केवडाही जलबुरशीचाच असल्यामुळे हे जुने औषध नागवेलीलाही उपकारक ठरते. 1977 साली आलेले मेटॅलॅक्झिल खास ह्या गटासाठी घडविले गेले. मात्र थोड्याच वर्षांत त्याला न जुमानणारे वाण युरोपात दिसू लागले.

आता कुळ कळले, तरी जाती ठरवावयाची राहतेच. ह्या बाबतीत आपल्या देशातील एका संशोधकाचे नाव आदराने घेतले पाहिजे. जहांगीर फर्दुनजी दस्तूर हे बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत एडविन बटलर ह्यांच्या हाताखाली काम करीत. तेथील एरंडाच्या रोपांवर त्यांना एक फायटॉप्थोरा आढळला. 1913 साली त्यांनी त्याचे सविस्तर वर्णन करून 'फायटॉप्थोरा पॅरॅसिटिका' असे नाव दिले. पुढे ते मध्यप्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ म्हणून नागपुरास आले. रामटेकच्या पानमळ्यांची ख्याती ज्या प्रांतात होती, त्याच प्रांतातील नागवेलीच्या रोगांवर त्यांनी 1935 साली दीर्घ निबंध लिहिला आणि वेलीवरील जलबुरशीला पॅरॅसिटिकाचाच एक उपप्रकार मानून 'पायपेरिना' ही संज्ञा दिली. बिहारमधील एरंडापासून विदर्भातील पानवेलीपर्यंत एकच शत्रू वेगवेगळ्या वेषांत वावरतो, हे त्यांनी ओळखले होते.

हे ओळखावयाचे कसे? मळ्यातील मूठभर माती पाण्यात कालवितात आणि त्यावर निरोगी पानाचे तुकडे तरंगत ठेवतात. मातीत जलबुरशी असली तर चलबीजुके त्या तुकड्यांकडे धावतात, आणि लवकरच तेथे डाग उमटतात. शिकाऱ्याने आमिष लावावे तसाच हा प्रकार. मग डागाच्या कडेचा कण काढून तो पोषक आगरवर वाढवितात. त्या आगरात खरी बुरशी व जंतू मारणारी औषधे घालून ठेवलेली असतात. त्यांना दाद न देता जलबुरशी तेवढी वाढते! वर सांगितलेला कुळाचा भेद येथे परीक्षकाच्या उपयोगी पडतो.

त्यानंतर पाळी सूक्ष्मदर्शकाची. नागवेलीवर मुख्यतः तीन जातींचा संशय घ्यावा लागतो : पॅरॅसिटिका, पाल्मिव्होरा आणि कॅप्सिकी. तिघींच्या लिंबाच्या आकाराच्या बीजुककोशांना टोकाशी ठळक बोंड असते. तिघींतही मादी अवयव नर अवयवाला भेदून वर येतो, आणि नर अवयव तिच्या तळाशी कंठीसारखा राहतो. पेथीब्रिज ह्यांनी आयर्लंडमध्ये ही विलक्षण रचना 1913 सालीच वर्णिली. मग भेद करावा तो देठावरून. पाल्मिव्होराचा कोश लहानशा देठासह सहज गळतो. कॅप्सिकीचाही गळतो, पण त्याचा देठ लांब असतो. पॅरॅसिटिकाचा कोश सहसा गळतच नाही, आणि तिच्या तंतूंवर जाड कवचाची गोल विश्रामी बीजुके विपुल येतात. मिलिमीटरचा सहस्रांश म्हणजे एक मायक्रॉन. अशा काही मायक्रॉनांच्या देठावर निर्णय टांगलेला असतो. उष्णतेचीही कसोटी आहे. 1931 साली टकर ह्यांनी प्रजातीचे वर्गीकरण करताना 35 अंश सेल्सियसला वाढ होते की नाही ह्याला महत्त्व दिले. पॅरॅसिटिका तेवढ्या उष्णतेत वाढते. बटाट्याचा फायटॉप्थोरा वाढत नाही. मगधाच्या मैदानात कोणाची वस्ती टिकेल ह्याचा अंदाज त्यावरून येतो.

1963 साली वॉटरहाऊसबाईंनी सर्व जातींचे सहा गट पाडले, आणि ह्या तिन्ही जाती दुसऱ्या गटात एकत्र बसल्या. चाळीसएक वर्षे अभ्यासकांनी हा कोष्टकाचा आधार मानला. पुढे डीएनएची वाचने आली, आणि 2000 सालापासून जी वंशावळी तयार झाली तिने हे बिऱ्हाड मोडले. आज कॅप्सिकी दुसऱ्या शाखेत, पाल्मिव्होरा चौथ्या शाखेत, आणि आपली पॅरॅसिटिका पहिल्या शाखेत, चक्क आयर्लंडच्या बटाटानाशक जातीच्या शेजारी! रूप सारखे म्हणून नाते सारखे, असा हिशेब येथे चालला नाही.

नावाचा वाद मात्र निराळाच. दस्तूरांच्या 17 वर्षे आधी, 1896 साली, व्हॅन ब्रेडा डी हान ह्या डच शास्त्रज्ञाने सुमात्रातील देली येथील तंबाखूच्या रोपांवरची जलबुरशी 'निकोटिआनी' म्हणून वर्णिली होती. वर्णन संदिग्ध होते, म्हणून पुष्कळांनी दस्तूरांचे स्पष्ट वर्णन प्रमाण मानले. वॉटरहाऊसबाईंनी 1963 मध्ये निकोटिआनी हीच जाती धरून पॅरॅसिटिका तिचा प्रकार ठरविला; 1993 मध्ये हॉल ह्यांनी सर्व पुरावा तपासून दोन्ही एकच आहेत असे मांडले. आधीचे नाव खरे, ह्या नियमाने निकोटिआनी हे नाव रूढ झाले. दस्तूरांचा पायपेरिनाही त्यातच विलीन झाला. आजही पॅरॅसिटिका हे नाव कितीतरी शोधनिबंधांतून डोकावते, ह्याचे मला तरी नवल वाटत नाही; एरंडावरचे ते वर्णन खरोखरच सरस आहे.

दोन नावांचे एक झाल्याने शेतकऱ्यापुढे मात्र एक नवा प्रश्न उभा राहतो. विदर्भातील संत्र्याच्या झाडाला डिंक्या रोग आणणाऱ्या जलबुरशींत हीच निकोटिआनी आहे. मग संत्र्याची जुनी बाग काढून तेथे पानमळा लावला, तर जमिनीत विश्रांती घेत पडलेली बीजुके नागवेलीवर उठतील काय? नाव एक असले तरी तंबाखूवरून काढलेले वाण तंबाखूवर विशेष प्रखर असतात, असा अनुभव आहे. जाती एक असूनही तिच्या वाणांच्या आवडीनिवडी सारख्या नसतात. सूक्ष्मदर्शक किंवा डीएनए ह्यांतून हे उमगत नाही. त्यासाठी एका पिकावरचा वाण घेऊन दुसऱ्या पिकाच्या निरोगी रोपाला लावावा लागतो, रोग आला तर त्यातून तोच वाण पुन्हा वेगळा करून पाहावा लागतो, आणि दरम्यान मळेवाल्याला निरोगी कांड्या, पाण्याचा निचरा आणि बोर्डो मिश्रण ह्यांवरच भिस्त ठेवावी लागते.