एक जोड पायात, एक जोड पुण्यात

'टॉम्स' या अमेरिकी कंपनीचा साधा कॅनव्हासचा बूट पन्नास-साठ डॉलरला पडतो. म्हणजे आपले साडेचार-पाच हजार रुपये. एवढ्या पैशांत पायात येतं काय, तर पातळ कॅनव्हास, वर इलॅस्टिकचा छोटा तुकडा आणि सपाट, हलका तळ. लेस नाही, उंच टाच नाही. शाळेत पी. टी.च्या तासाला घालायचो त्या पांढऱ्या बुटांचं हे जरा शहरात राहून आलेलं भावंड. रोज वापरलं की अंगठ्यापाशी कापड विरायला लागतं. तरीही अमेरिकेत जवळपास दशकभर कॉलेजातली पोरं, मास्तर, हौशी नवरदेवसुद्धा हे बूट मिरवत होते. त्याचं कारण टाचेवरची निळी-पांढरी पट्टी. मी एक जोड घेतला तेव्हा कुठल्यातरी गरीब मुलाला दुसरा फुकट मिळाला, हे ती पट्टी मागून चालणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे.

ही कल्पना ब्लेक मायकोस्की या टेक्सासच्या तरुणाची. 2002 मध्ये 'द अमेझिंग रेस' या टीव्हीवरच्या शर्यतीत तो बहिणीसोबत उतरला होता आणि त्या धावपळीत अर्जेंटिना त्याने ओझरता पाहिला होता. 2006 मध्ये तो तिथे सुट्टीला पुन्हा गेला. तिथल्या शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या पायातला 'अल्पारगाता' हा कापडी बूट त्याला आवडला आणि अनवाणी मुलंही दिसली. दोन्ही गोष्टी त्याने एका धंद्यात बसवल्या: एक विकायचा, एक द्यायचा. लॉस एंजलिसच्या मोठ्या वर्तमानपत्रात बातमी आली, ऑर्डरींचा पाऊस पडला आणि त्याच वर्षी अर्जेंटिनात दहा हजार जोड वाटले गेले.

इथे धंद्याची खरी हुशारी दिसते. बुटाच्या कंपन्या जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओततात. 'टॉम्स'चं गिऱ्हाईकच जाहिरात करत होतं, तेही स्वतःच्या खिशातून पैसे भरून. दुसऱ्या जोडाचा खर्च पहिल्याच्या किमतीत धरलेला होता. कंपनीने तो कधी लपवलाही नाही. तरी दाता म्हणून नाव झालं कंपनीचं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते यालाच, फक्त इथे हलवाईही खूश होता. 2014 मध्ये 'बेन कॅपिटल' या गुंतवणूक कंपनीने निम्मा हिस्सा घेतला तेव्हा 'टॉम्स'ची एकूण किंमत साडेबासष्ट कोटी डॉलर धरली गेली. नुसत्या कॅनव्हासला एवढा भाव कोणी देत नाही.

मग त्या दुसऱ्या जोडाने काय साधलं? हा प्रश्न हवेत राहिला नाही, हे या प्रकरणातलं मला सगळ्यात आवडलेलं. ब्रूस वायडिक या अर्थशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एल साल्वाडोरच्या ग्रामीण भागात त्याचा नीट अभ्यास केला. 18 वस्त्या, दीड हजारांहून अधिक मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून काही वस्त्यांना बूट आधी दिले, काहींना अभ्यास संपल्यावर. मुलांना बूट आवडले. तीन-चतुर्थांशाहून जास्त मुलं आठवड्यातून निदान तीन दिवस ते घालत होती. पण अनवाणी मुलांच्या संख्येत म्हणावा असा फरक पडला नाही, कारण बहुतेकांकडे आधीच काहीतरी पादत्राण होतं. पायांचं आरोग्य, आत्मविश्वास, यांतही ठळक बदल नाही. स्थानिक चप्पलवाल्यांचा धंदा बसेल अशी टीका होत असे. त्यांच्या विक्रीत थोडी घट दिसली, पण ती खात्रीने सांगता येण्याइतकी नव्हती.

एका बाबतीत मात्र फरक नेमका आला. घरच्या गरजा बाहेरच्यांनी भागवाव्यात का, या प्रश्नाला बूट न मिळालेल्यांपैकी 66 टक्के मुलांनी 'हो' म्हटलं, तर मिळालेल्यांपैकी 79 टक्के मुलांनी. फुकटच्या बुटाने पायापेक्षा मनावर जास्त परिणाम केला, आणि तोही नको तसा.

म्हणून बूट देणंच फोल, असं नाही. अंकुशकृमीच्या अळ्या उघड्या पायाच्या कातडीतून शिरतात. इथिओपियाच्या डोंगराळ भागात ज्वालामुखीची लाल माती आहे. तिच्यात वर्षानुवर्षं अनवाणी राबलं की पाय हत्तीरोगासारखे सुजतात. पोडोकोनिओसिस हे त्या आजाराचं नाव. यात जंतू नाही, डास नाही, दोष सगळा मातीचा. लहानपणापासून बूट घातले आणि पाय साबणाने स्वच्छ धुतले तर तो टळतो. पण वाढत्या मुलाचा पाय वर्षभरात बुटाबाहेर जातो. तिथे दरवर्षी बूट हवा, पाणी हवं आणि गावात आरोग्यसेवक हवा. हे सगळं टाचेवरच्या पट्टीत मावत नाही.

टीका झाल्यावर कंपनी हातावर हात ठेवून बसली नाही. एल साल्वाडोरच्या अभ्यासाला तिने सहकार्यच केलं होतं. वाटपाचे काही बूट केनिया, इथिओपिया, हैती आणि भारतात बनवायला घेतले. 2019 मध्ये तर एकास एक ही मूळ प्रतिज्ञाच सोडली आणि पुढे नफ्यातला तिसरा हिस्सा स्थानिक संस्थांना द्यायचं धोरण आलं. पैसा बुटांपेक्षा उपयोगी, हे मान्य. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर हे वचन जास्त सैल आहे. पूर्वी प्रत्येक विक्रीमागे एक जोड ठरलेला होता. आता आधी नफा व्हायला हवा. आणि त्याच 2019 च्या अखेरीस कर्जाखाली दबलेली ही कंपनी धनकोंच्या ताब्यात गेली होती. दरम्यान 'स्केचर्स' या दुसऱ्या बूट-कंपनीने तशाच घाटाचे, तशाच दानाचे 'बॉब्स' बूट काढून नक्कल केल्याबद्दल बोलणी खाल्ली. पुढे बॉब्सची देणगी कुत्र्या-मांजरांच्या निवाऱ्यांकडेही वळली.

किमतीचा अंदाज यावा म्हणून आपल्याकडचा एक आकडा पाहण्यासारखा आहे. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने जिल्हा परिषद शाळांतल्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे द्यायचं ठरवलं, तेव्हा दर विद्यार्थ्यामागे 170 रुपये धरले होते. एवढ्यात बूट कसला येतो, यावर वेगळा लेख होईल. दर तिप्पट धरला तरी साडेचार हजारांत आठ मुलांचे पाय झाकतात.

तेव्हा असला बूट पायाला बसत असेल, दिसायला आवडत असेल आणि तेवढे पैसे निव्वळ बुटासाठी मोजायची तयारी असेल, तर जरूर घ्यावा. दान त्यात धरू नये. ते करायचंच असेल तर तालुक्याच्या गावच्या बाजारात एखाद्या मुलाला सोबत नेऊन, त्याच्या मापाचा, त्याने निवडलेला बूट घेऊन द्यावा. दुकानदाराचीही विक्री होते. नोंदणी असलेल्या संस्थेला पैसे दिले तर जुन्या करपद्धतीत 80जीची सवलत तरी मिळते. साडेचार हजारांच्या बुटावर उलट अठरा टक्के जीएसटी लागतो, दुसरा जोड कुणालाही जावो.