विजेची मोटार आणि सोलापूरचे ऊन

सोलापूरकरांना उन्हाळ्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा 42-43 अंशांवर जातो. अशा उन्हात पेट्रोलची मोटार तापली, की वाफ निघते. दोष स्वतःच ओरडून सांगतो. विजेची मोटार मात्र तापली, की मुकाट्याने मंदावते. हे मंदावणे ओळखावे कसे, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

तिची बॅटरी साधारण 15 ते 35 अंशांत सुखी असते. त्याहून अधिक ताप वारंवार सोसावा लागला, तर तिचे आयुष्य घटते. अमेरिकेतील अॅरिझोनाच्या वाळवंटी भागात निसान लीफ गाड्यांचा पल्ला लवकर घटल्याच्या तक्रारी 2012 साली गाजल्या. त्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. आपल्याकडे 2020 साली आलेल्या विजेवरील टाटा नेक्सॉनमध्ये ती आहे. अशा गाड्यांत पंप शीतक द्रव फिरवितो, रेडिएटर व पंखा त्याची उष्णता बाहेर टाकतात. कडक उन्हात वातानुकूलन यंत्रही हातभार लावते. म्हणून आतला गारवा कमी झाला, तर झळ प्रवाशांइतकीच बॅटरीलाही लागू शकते.

आता परीक्षा. भर दुपारी, पुण्याहून दौडत आलेल्या गाडीचे जलद चार्जिंग मंदावले, तर तो दोष नव्हे; बॅटरी स्वतःस जपते आहे. 80 टक्क्यांपुढे तर ते मंदावतेच. परंतु रात्रभर विसावलेली, अर्धी रिकामी गाडी पहाटेच्या गारव्यातही त्याच यंत्रावर रेंगाळू लागली, अथवा चढावर जोर कमी पडून इशाऱ्याचा दिवा लागला, तर संशय घ्यावा. गाडीखालचे स्वच्छ पाणी बहुधा वातानुकूलनाचे असते. रंगीत, चिकट डाग मात्र शीतकाच्या गळतीचा.

मालकाने काय करावे? गाडी निवल्यावर टाकीतील शीतकाची पातळी पाहावी. गरम असता झाकण उघडू नये. रेडिएटरवरील धूळ, पाचोळा हलक्या धारेने धुवावा. नळाचे वा बोअरचे पाणी टाकीत ओतू नये. त्यातील क्षार आत साचतात. कंपनीने नेमलेलाच शीतक वापरावा. पातळी पुन्हा उतरली, तर भर घालीत न बसता गळती शोधून घ्यावी.

पंप बदलणे, नळ्यांतील हवा काढणे, ही कामे जाणत्या कारागिराची. नारिंगी तारांना तर हात लावूच नये. त्यांत शेकडो व्होल्टचा दाब असतो. शीतक बॅटरीच्या पेटीत शिरल्याचा संशय आला, तर गाडी चालवू नये, चार्जिंगलाही लावू नये. धूर दिसताच माणसांनी दूर व्हावे व 112 क्रमांक फिरवावा.

बैल उन्हात पाय ओढू लागला, की शेतकरी चाबूक उगारण्याआधी त्याला सावली व पाणी दाखवितो. या नव्या वाहनाच्या मालकानेही तीच रीत पाळावी.