वरचे मजले कोणाचे?

अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होण्यास थोडा अवधी उरला, की सरकारी शाळेतल्या शिक्षकाला दोन चिंता ग्रासतात. एक पेन्शनच्या कागदांची आणि दुसरी, हाती येणाऱ्या रकमेचे काय करावे याची. आमच्या बाबतीत दुसरी अधिक बळावली. ‘गुरुजी, बँकेत कशाला ठेवता? बमरोलीला भाड्याचे घर घ्या,’ असे जो तो सांगू लागला, आणि एका रविवारी आम्ही सपत्नीक घर पाहावयास गेलो.

सुरतेबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगावयास हवे. बमरोली हे शहराच्या दक्षिणेकडचे गाव, पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारचे. तेथील मागांवर आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांत राबणारी माणसे आपल्या खानदेशातून, ओडिशातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली. कामापासून पायी गाठता येईल अशी खोली त्यांना हवी असते, आणि अशा खोलीला गिऱ्हाइकाची वाण कधीच पडत नाही. २००६ साली महानगरपालिकेची हद्द वाढून आसपासची पुष्कळ गावे शहरात आली. परंतु कित्येक घरे परवानगीची वाट न पाहता आपली चढतच राहिली.

आम्ही पाहिलेले घर त्यांतलेच. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येकावर दोन खोल्या, गच्चीवर पत्र्याची आणखी एक. अशा नऊ खोल्या, नऊ बिऱ्हाडे. दलालाने भाड्याचा हिशेब मांडला तो बँकेच्या व्याजाच्या दुपटीहून अधिक भरला. सौभाग्यवतींचा चेहरा उजळला; आमचाही उजळला असावा. बानाखताची, म्हणजे आपल्या साठेखताची, रक्कम देण्याचे जवळजवळ ठरले. मात्र शाळेचे दप्तर तपासण्याची आयुष्यभराची खोड आडवी आली, आणि आम्ही मंजूर नकाशा मागितला.

दलालाने वेराबिल पुढे केले. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले, ही समजूत आपल्याकडे फार दृढ आहे. वस्तुतः पालिका कर घेते तो घर वापरात आहे म्हणून. नकाशा तीन आठवड्यांनी मिळाला. त्यात तळमजला आणि एकच मजला होता. नऊपैकी पाच खोल्या कागदावर नव्हत्याच!

‘इम्पॅक्ट फी भरली की झाले,’ दलाल म्हणाला. १ ऑक्टोबर २०२२ पूर्वीची अनधिकृत बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याचा कायदा गुजरात सरकारने २०२२ साली केला, हे खरे. राहत्या घराच्या ५० चौरस मीटरपर्यंत ३,००० रुपये आणि १०० चौरस मीटरपर्यंत ६,००० रुपये, इतके ते स्वस्त. पण अर्ज म्हणजे मंजुरी नव्हे. शिवाय या घरमालकाने अर्जही केलेला नव्हता. आणि पावती मिळाली म्हणून एका मजल्यासाठी घातलेला पाया तीन मजले पेलू लागतो, असेही नाही.

आम्ही १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा काढून वाचला. त्याचे ५५ वे कलम विक्रेत्यावर दोष सांगण्याचे बंधन घालते. मात्र साधारण दक्षतेने खरेदीदाराला जो दोष कळला असता, तो सोडून. डोक्यावर उभे असलेले मजले ‘आम्हांस दिसले नाहीत’, हे कोणत्या तोंडाने सांगावे? १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले, की काळ लोटला किंवा पैसा गुंतला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर ठरत नाही; आणि बँकांनीही बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला पाहूनच कर्ज द्यावे. म्हणजे उद्या आम्ही विकावयास निघालो, तर पुढच्या गिऱ्हाइकाला कर्ज मिळणे कठीण!

तरीही मोह सुटत नव्हता, हे कबूल केले पाहिजे. तो सुटला पालीच्या आठवणीने. ६ जुलै २०२४ रोजी येथून जवळच, सचिनलगतच्या पाली गावात भाडेकरूंनी राहती असलेली एक बहुमजली इमारत कोसळली आणि सात जण दगावले. दहा वर्षांचीही नव्हती ती. ज्या खोल्यांचे भाडे आम्ही वहीत मांडत होतो, त्यांत रात्रपाळी करून आलेली माणसे दिवसा निजलेली असतात. जिन्यात एक धुळ्याकडची बाई भेटली होती. तिचा मुलगा आमच्याच शाळेत सातवीत. ‘गुरुजी, तुम्हीच घेताय ना घर? मग वरती पाणी चढेल का हो?’ तिने विचारले होते.

आम्ही मालकाला निरोप धाडला, की नकाशातल्या चार खोल्यांची काय ती किंमत देऊ, आणि वरचे बांधकाम खरेदीपूर्वी त्यानेच उतरवून द्यावे. तो हसला म्हणे. ‘मास्तरांना सांगा, भाडं नऊ खोल्यांचं येतं.’

दोन महिन्यांत घर दुसऱ्याने घेतले. आमची रक्कम मिळेल तेव्हा पोस्टात जाईल. घरी अजून थोडा अबोला आहे. परवा मधल्या सुट्टीत सातवीतला तो मुलगा धावत येऊन सांगू लागला, ‘सर, नव्या मालकानं पत्रे काढले. आता गच्चीवर पक्क्या दोन खोल्या बांधायला घेतल्यात.’