घरचा सुतार – भाग ६ : कांद्या-बटाट्याची मांडणी

निफाड-लासलगावच्या बाजूला उन्हाळ्यात गेलात, तर शेताच्या कडेला लांबलचक कांदाचाळी दिसतात. एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळी कांदा त्यात भरला की दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरतो. तिथे ना वीज लागते, ना यंत्र. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला तळ, फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्यांच्या भिंती आणि वर कौलं किंवा पत्रा, एवढंच. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने सुचवलेल्या सुधारित चाळींचाही भर हवा खालून शिरण्यावर आणि बाजूंनी खेळती राहण्यावर आहे. आपण मात्र तोच कांदा ओट्याखालच्या बंद खणात कोंबतो आणि आठ दिवसांत वास सुटला की भाजीवाल्याला नावं ठेवतो.

तेव्हा या आठवड्यात दोन कप्प्यांची छोटी चाळच करू. वरचा कप्पा कांद्याचा, खालचा बटाट्याचा. दोघांना एकत्र ठेवू नये, कारण त्यांच्या गरजाच उलट्या आहेत. कांद्याला साठवणीत ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते, बटाट्याला ९० च्या पुढे. शिवाय बटाट्याला अंधार लागतो. उजेडात तो हिरवा पडतो. तो हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असतो, पण त्याच्याबरोबर सोलानिन हे कडू, विषारी द्रव्यही वाढतं.

लाकूड कुठलं? सागवान इथे उधळपट्टी आहे. मालाच्या पॅलेटमधून निघालेलं पाइन हलकं, स्वस्त आणि पुरेसं आहे. फक्त त्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते स्वयंपाकघरात नको. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर फुकट मिळालं तरी घरात आणू नका, कीड बाकीच्या लाकडातही शिरते.

दीड इंच चौरस आणि २४ इंच उंच असे चार पाय कापा. पट्ट्या २ इंच रुंद, ४ सूत जाड. समोर-मागे लागणाऱ्या १८ इंचांच्या, बाजूच्या १२ इंचांच्या आणि तळाच्या १५ इंचांच्या.

आधी दोन्ही बाजू आडव्या ठेवून जोडा : दोन पाय आणि त्यांच्या बाहेरून १२ इंची पट्ट्या. मग त्या उभ्या करून पुढच्या-मागच्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधा. वरच्या कप्प्याला पट्ट्यांमध्ये इंचभर फट असू द्या, कांदा निसटणार नाही. समोरून हात जाईल एवढी जागा दोन्ही कप्प्यांना सोडा. तळासाठी पायांच्या आतल्या अंगाला आडवे टेकू ठोका, त्यावर १५ इंची पट्ट्या अर्ध्या इंचाच्या फटीने पसरा. खालचा तळ जमिनीपासून निदान ५ इंच वर हवा. फरशी पुसताना पाणी लागणार नाही आणि झाडू आतपर्यंत जाईल.

स्क्रू दीड इंची घ्या. अर्धा इंच पट्टीत जातो, एक इंच पायात. आधी बारीक भोक पाडलं नाही तर पट्टीचं टोक हमखास चिरतं. आणखी एक गोष्ट सुतार सहसा सांगत नाहीत, कारण त्यांच्या हातात ती बसलेली असते. एकाच पायात दोन बाजूंनी येणारे स्क्रू समान उंचीवर घेतले तर आत एकमेकांना भिडतात. एका बाजूचे अर्धा इंच वर घ्या.

आता काटकोन. मापं १८ आणि २४ ठेवली ती मुद्दाम, कारण मग कर्ण बरोबर ३० इंच यायला हवा. पायाच्या वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या पायाच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून टेप लावा. एक कर्ण जास्त भरला तर त्या दोन टोकांना दाब द्या आणि मगच स्क्रू घट्ट आवळा.

पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. फळ्या चिकटवून बंद खोका केला तर तो जुलैत पोट काढतो. इथे फटी तेही सामावून घेतात. बटाट्याच्या कप्प्याला समोर आणि बाजूंना गोणपाट लावा. हवा राहील, उजेड अडेल.

वार्निशची गरज नाही. हौस असेल तर बाहेरून अळशीचं तेल चोळा. शेंगदाण्याचं नको, ते वाळत नाही, चिकट राहून खवट होतं. अळशीचं हवेशी संयोग होऊन वाळतं आणि त्यात उष्णता निघते. तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. हे हसण्यावारी नेऊ नका.

वरच्या कप्प्यात काठोकाठ भरले तर दहाएक किलो कांदे मावतात, पण पाचावर थांबलेलं बरं. जाड मानेचे कांदे आधी संपवा, कुजायची सुरुवात त्यांच्यापासून होते. खरिपाचा कांदा मात्र कुठल्याच मांडणीत टिकत नाही, तो लागेल तेवढाच आणा.

पुढच्या आठवड्यात मसाल्याच्या बरण्यांची भिंतीवरची मांडणी घेऊ. तोवर तुमची भिंत विटेची आहे की पोकळ ठोकळ्यांची, आणि तिच्यातून नळ किंवा वायर कुठून गेली आहे, एवढं पाहून ठेवा.