सायलेन्सरचे नट सैल का होतात?

जुन्या मोटारसायकलचा सायलेन्सर इंजिनाच्या हेडला बहुधा दोन स्टड आणि दोन नटांनी जोडलेला असतो. हेड ॲल्युमिनियमचे, स्टड पोलादाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. गाडी रोज तापते, निवते. त्यात मधले गॅस्केट हळूहळू दबते आणि नटाचा ताण उतरतो. उरलेले काम इंजिनाची थरथर करते. साधा स्प्रिंग वॉशर इथे फारसा टिकत नाही, कारण उष्णतेने त्याची लवचीकता जाते. नेहमीचे थ्रेडलॉकही सुमारे १५० अंश सेल्सिअसनंतर मऊ पडते.

सांधा सुटू लागला की गॅस्केटभोवती काळी काजळी दिसते आणि ॲक्सिलरेटर सोडताच फटफट आवाज येतो.

नट आवळायचे ते इंजिन पूर्ण थंड असताना. आधी मागचा, चेसिसकडचा बोल्ट ढिला करावा. पाइप हेडमध्ये सरळ बसवून पुढचे दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत आणि मागचा बोल्ट सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला की पाइप कायम ओढलेला राहतो आणि नट पुन्हा सुटतात. दबलेले गॅस्केट बदलावेच. नव्या गॅस्केटनंतर गाडी एक-दोनदा तापून थंड झाली की पाना पुन्हा लावून पाहावा.

जोर मात्र बेताचाच हवा. गंजलेल्या स्टडवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे. तो हेडमध्येच तुटला तर ड्रिल करून काढावा लागतो. येझदी-जावाची रचना वेगळी: तिथे पाइप मोठ्या गोल आट्याच्या नटाने धरलेला असतो. त्याला हुकाचा पानाच लावावा, छिन्नी-हातोडी नव्हे.